दुलारीदीदीचा ‘हव’

हे लिहायला चौथ्यांदा बसतोय. आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायको नुसतं विचारते, “काहून येरझारा घालून राहिले सारखे?” मी म्हणतो, पाय मोकळे करतोय. काय सांगू तिला?

नवा रायपुरातल्या आमच्या ऑफिसात मी बनवलेलं एक सॉफ्टवेअर होतं. त्याचा मला भारी तोरा. दाखल्यांच्या अर्जांचं काम जागोजागच्या मशीनवर चालायचं, आणि त्यातला कुठलाही तुकडा, काम न थांबवता, एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवता यायचा. पडद्यावरचा चौकोन ओढला की झालं. नियम एकच — तुकडा आधी रिकामा होऊ द्यायचा, हातातले अर्ज पुरे होईपर्यंत थांबायचं. ते बघायला जुन्या रायपूर शहरात, तेलीबांध्याच्या ऑफिसात दुलारीदीदी बसायची. त्याच शहरातल्या पुरानी बस्ती भागातली, कंत्राटावरची, कामाला चोख.

तिची एक सवय होती. काही विचारलं की आधी “हवऽ” म्हणायची. छत्तीसगढीत हव म्हणजे हो — पण तिचा हा लांबवलेला हव म्हणजे नुसतं ‘ऐकतेय’. खरं उत्तर पुढच्या वाक्यात यायचं. चार वर्षं रोज फोनवर बोलत होतो आम्ही. मला हे ठाऊक नव्हतं?

त्या दुपारी मोठे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. तुकडा रिकामा झाला का, म्हणून फोनवर विचारलं, “दीदी, खाली हुआ?”

“हवऽ...”

मी चौकोन ओढला. मग तिचं वाक्य आलं — “देखत हंव, भैया.” ती अजून बघतच होती. तोवर त्या तुकड्याच्या हातातले अर्ज पुसले गेले. शाळाप्रवेशासाठी दाखले मागणाऱ्या पोरापोरींचे होते ते.

चौकशीत मला विचारलं, तिनं हो म्हटलं होतं का? — फार फिरवलं, आता सांगतो. मी म्हणालो, “हव बोली थी.” शब्द खरा होता, आणि मी खोटं बोलत होतो. तिलाही विचारलं. तिनं हव म्हटल्याचं नाकारलं नाही. पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही. तिचं कंत्राट वाढलं नाही. तुकडा रिकामा झाल्याशिवाय हलूच नये, अशी अट मी नंतर सॉफ्टवेअरमध्ये घातली. त्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली.

शेवटच्या दिवशी तिचा फोन आला. “भैया, साहब ला सच बात बता देहू का?” साहेबांना खरं काय ते मी सांगेन का, असं विचारत होती.

“हवऽ,” मी म्हणालो.

तिनं तो होकारच धरला. “बने,” म्हणाली, म्हणजे बरं झालं — आणि जरा वेळ फोन धरून थांबली. मी पुढचं वाक्य बोललोच नाही.