दसऱ्याची गार आमटी
झेंडूचा वास आला की मला सातपूरच्या आमच्या कारखान्यातली गार आमटी आठवते. तिथे भट्टीत जाणाऱ्या नायट्रोजनमध्ये जरासा जरी ऑक्सिजन राहिला तरी आतले पार्ट काळे पडायचे. म्हणून त्यात थोडा हायड्रोजन सोडून तो वायू उत्प्रेरकाच्या टाकीतून न्यायचे. आत ऑक्सिजनचं पाणी व्हायचं आणि टाकी चांगली तापायची. तिच्या माथ्यावर आम्ही जेवणाचे डबे गरम व्हायला ठेवायचो. त्या दसऱ्याला सकाळी यंत्रांची पूजा झाली आणि भट्टी सुरू केली. दुपारी आमचे दिंडोरीचे ऑपरेटर मामा कटाच्या आमटीत पोळी बुडवून ओरडले, "आमटी गार कशी काय?" सगळे हसले. मामा उठले, टाकीला हात लावून म्हणाले, "आरं, ही पण गारच हाय!" टाकी गार म्हणजे ऑक्सिजन तसाच भट्टीत जात होता. मी मीटरवरचा झेंडूचा हार बाजूला सारला, तर ऑक्सिजनचा आकडा केव्हाच चढलेला. कापूर पेटवायचा म्हणून मामांनीच हायड्रोजनचा कॉक बंद केला होता आणि आरतीनंतर तो उघडायचा राहिला. भट्टीतला लॉट काळाच निघाला, तोंडाशी अजून न तापलेला होता तेवढा वाचला. आता दर दसऱ्याला आरतीनंतर भट्टी सुरू झाली की मी टाकीला हात लावते. नव्या पोरांना वाटतं, मॅडम फार भाविक आहेत.