मागच्या सीटवरचं बोलणं

रायपूर छत्तीसगडची नवी राजधानी झालं, तेव्हा आमच्या गॅरेजात एक टर्बो गाडीवाला आला. त्याला धूर मोकळा सोडणारा, पण घुमणारा नाही, असा सायलेन्सर हवा होता. गॅरेजच्या मालकांनी, उस्तादांनी, निवड माझ्यावर सोडली. चुकलो तर नोकरी जाऊन माझ्यासारख्या आठवी नापासाला गावी परत जावं लागणार होतं. मी रुंद पाइप आणि लांब, जाड सायलेन्सर बसवला.

त्यानं मला मागं बसवलं. "इथं माझी आई बसते, हळू बोलते. तूही हळू बोलत राय."

"काय बोलू, भैया?"

"गावचं सांग नं."

बूढा तालाब या तळ्याच्या कडेनं गाडी सुसाट निघाली. तो मान किंचित मागं कलवून ऐकत होता. मी घाबरत संत्र्याची झाडं, आई, बहीण यांच्याबद्दल सांगत गेलो.

परतल्यावर तो म्हणाला, "बहिणीचं लग्न ठरलं, तेही ऐकू आलं. हाच सायलेन्सर राहू दे."

नोकरी वाचली. रायपुरात आल्यापासून माझं इतकं बोलणं कोणीतरी पहिल्यांदाच ऐकलं होतं.