शेठच्या केबिनमधली शांत खुर्ची

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी यवतमाळच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. तेव्हा जिल्ह्यात कमिट्यांचं पीक तेवढं बेफाम आलं होतं. मुंबईची झाली की दिल्लीची, ती गेली की तिच्या कामाचा आढावा घेणारी तिसरी. अशीच एक कमिटी दिग्रसला कापूसवाल्या शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकायला येणार होती. बैठक एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, केबिनमध्ये ठरली, कारण एसी तिथेच होता.

जिनिंगच्या मालकानं, म्हणजे शेठनी, मला बोलावून घेतलं. केबिनच्या भिंतीला लागूनच कापूस ओढणारा अवाढव्य ब्लोअर होता. त्याच्या घुमण्यानं टेबलावरचा ग्लाससुद्धा थरथरायचा.

"सर, मुंबईले जाताना इमानात एकाच्या कानावर मशीन पाह्यली. तो म्हणे, आवाजानं आवाज मारते. खरं हाय काय?"

"खरं आहे. मायक्रोफोन आवाज पकडतो आणि यंत्र त्याच्या उलट लाट तयार करून सोडतं. दोन्ही लाटा एकमेकींना खातात."

"मंग आपल्या केबिनले बसवा."

मी म्हटलं, त्यापेक्षा बैठकीपुरता ब्लोअर बंद ठेवा. शेठ माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहू लागले. "बंद ठेवला तं कमिटी म्हणन, जिनिंगले कापूसच नाही. मशीन चालू दिसली पाह्यजे, आयकू नाही आली पाह्यजे."

एवढी स्वच्छ मागणी मी पुढे कुठल्याही टेंडरमध्ये वाचली नाही.

कॉलेजच्या लॅबमधून सर्किट आणलं, बँडवाल्याकडून मोठे स्पीकर. एक माइक ब्लोअरपाशी, दुसरा शेठच्या खुर्चीवर, डोक्याच्या उंचीला. बरीच खटपट केल्यावर एकदाचं जमलं. खुर्चीत बसलं की घुमणं एकदम खाली बसायचं. पण फक्त खुर्चीत. दाराकडे सरकलं की त्याच दोन लाटा एकमेकींना मिळायच्या आणि तिथे आवाज पहिल्यापेक्षा वाढायचा. संपूर्ण खोली शांत करणं माझ्या सामानाच्या आवाक्यात नव्हतं. तसं मी शेठना सांगितलं.

"खुर्चीत शांत हाय ना? बस झालं."

ते ऐटीत बसले आणि चमकले. खिडकीखाली कापसातला कचरा वेचणाऱ्या बाया ब्लोअरवर आवाज चढवून, नेहमीप्रमाणे, शेठबद्दल बोलत होत्या. आजवर शेठना ते ऐकूच आलं नव्हतं.

"सर, हे बी बंद होते का?"

"नाही. यंत्राचा आवाज तोच तोच असतो म्हणून जमतं. माणसं काय बोलतील याचा नेम नसतो."

शेठ हळहळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायांना मागच्या शेडमध्ये हलवलं.

कमिटीचे अध्यक्ष आले, शांत खुर्चीत बसले. कापूसवाले अर्थातच दारापाशी उभे केलेले. पहिला माणूस बोलू लागला आणि अध्यक्षांनी हात वर केला. "ओरडू नका हो. इथे इतकी शांतता आहे!"

"साहेब, इकडं या, मंग समजन!" तो आणखी ओरडला.

अध्यक्षांनी शेजारच्या सदस्याला इंग्रजीत सांगितलं की लोक फार चिडलेले दिसतात. सदस्यानं ते लिहून घेतलं.

तेवढ्यात महागावकडची एक बाई टेबलाला वळसा घालून आली आणि सरळ अध्यक्षांच्या कानाशी वाकली. तिनं खुर्चीवरच्या माइककडे पाहिलं. "अगोबाई! अथी तं काहीच आयकू येत नाही!" मग साध्या आवाजात म्हणाली, "साहेब, बियाणं बोगस निंगालं. पेरलं ते उगवलंच नाही. कोणाले धरू, सांगा."

अध्यक्ष ओशाळून उठले, दाराकडे दोन पावलं गेले, आणि त्या दुप्पट घुमण्यात सापडून त्यांनी दोन्ही कान झाकले. बाई बोलतच होती. अध्यक्ष ओरडले, "हे काय आहे?"

शेठनी अभिमानानं मला पुढे केलं. उरलेली बैठक माझ्यावर गेली. अध्यक्ष चारचारदा खुर्चीत बसले, उठले, लहान मुलासारखे हसले. मुंबईतल्या त्यांच्या दालनात असं बसवता येईल का, असंही विचारलं. मग जेवणाची वेळ झाली आणि गाड्या गेल्या. पेपरात फोटो आला तो माझा आणि स्पीकरचा. कॉलेजनं तो नोटीस बोर्डावर लावला.

त्या दिवशी परतताना यवतमाळच्या एसटीत ती बाई माझ्याच बाकावर आली. दारव्ह्याला तिची लेक दिली होती, तिकडे निघाली होती.

"मास्तर, माहं बोलणं राह्यलंच ना," ती म्हणाली. आणि एसटीच्या खडखडाटावर आवाज चढवून तिनं सगळं सांगितलं: दुकानदार काय म्हणाला, कृषी खात्यातला साहेब काय म्हणाला, दुबार पेरणीला बैल कुणाचे मागितले. मी दारव्ह्यापर्यंत शब्द न् शब्द ऐकला. उतरताना तिनं विचारलं, "तुमी कमिटीत हाय ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग कायले आयकून राह्यलते?" असं म्हणून ती उतरून गेली.