आमरीची कुंडी

“ही कुंडी तर रिकामीच आहे. माती ओतून टाकू का?” बाल्कनीतून मावशी पप्पांना विचारत होती. आई जाऊन महिना झाला होता आणि मावशी पुण्याहून आवराआवर करायला आली होती. कोरड्या मातीचा वास आतल्या खोलीत माझ्यापर्यंत आला.

त्या कुंडीत आमरी लावली, तेव्हा मी तिसरीत होते. त्र्यंबकच्या रस्त्यावर दरड ढासळली होती आणि त्या ढिगाऱ्यात आईला उपटलेली आमरी सापडली. वीतभर उंचीची, बारीक पांढऱ्या फुलांची. “जंगलातलं ऑर्किड आहे हे,” ती म्हणाली आणि मुळाशी असलेल्या दोन गाठी तिने मला दाखवल्या. एक सुरकुतलेली, एक टपोरी.

“या जुन्या गाठीने यंदाचं फूल काढलं. ही नवी, पुढच्या पावसाळ्याची. मधे वरचं सगळं वाळतं, ही तेवढी मातीत झोपून राहते.”

“मग जुनीचं काय होतं?”

“ती संपते गं. सगळं हिला देऊन बसते ना, वेडी!”

आई हसली, म्हणून मीही हसले. तिथलीच माती तिच्या ओढणीत बांधून आम्ही आमरी घरी आणली. वाटभर माझं लक्ष टपोऱ्या गाठीकडे होतं. आता मात्र ती सुरकुतलेलीच आठवते, आईच्या ओल्या तळहातावरची.

बाल्कनीत कुंडी सरकल्याचा आवाज झाला. आई गेल्यापासून मी घरात जेमतेम बोलत होते. उठून दारापर्यंत गेले.

“मावशी, नको ओतू. पुढच्या पावसाळ्याची गाठ आत आहे.”