वहिनींची डबल

अण्णांना विमानात बसवलं तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. फेकत नाही, खुद्द वहिनींनी सांगितलेलं आहे. सिंगापूरला विमान उतरताना अण्णांनी पाय असा काही रेटला की पुढच्या सीटवरची बाई रागानं मागं वळून बघायला लागली. वहिनी म्हणाल्या, "आवं, ही गाडी तुमची न्हवं. सोडा पाय." तर अण्णा म्हणतात, "त्यो लय उशिरा दाबतोय. मला काय दिसत न्हाई व्हय?" खिडकीतून ढगाशिवाय काही दिसत नव्हतं, पण अण्णांना कोण सांगणार!

अण्णा आमचे ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. सांगली-मेढा लाल गाडीवर आमची अकरा वर्षं जोडी होती. कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात, त्यामुळं अण्णांसाठी मी अजूनही मास्तरच आहे. गाडीत एक दोरी असते. एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. त्या दोनदाला आम्ही डबल म्हणतो. माझी डबल झाल्याशिवाय अण्णांनी गाडी इंचभर कधी हलवली नाही. एकदा साताऱ्याच्या स्टँडवर मी चहाच्या नादात गप्पा मारत बसलो आणि मागं गाडी खचाखच भरून तापत राहिली. पॅसेंजर शिव्या घालत होते, एकानं तर हात आत घालून हॉर्न वाजवला. अण्णा ढिम्म. मी पळत आलो तर म्हणाले, "मास्तर न्हाई, डबल न्हाई. मी कसा काढू?" मला वरमायला झालं.

माणूस मूळचा पूर्वेकडच्या कोरड्या भागातला. वडील मेंढरांमागं हिंडलेले, वर्षातले आठ महिने घराबाहेर. अण्णांनी नोकरी धरली, आष्ट्याला घर बांधलं, पण वडिलांचं काळं घोंगडं ड्रायव्हरच्या सीटमागं घडी करून ठेवलेलं असायचंच. ते म्हणायचे, "आमचा बा म्हणायचा, मेंढरं बसली की आपुन बसायचं, उठली की उठायचं. मधी घाई करायची न्हाई." घाई अण्णांना खरंच माहीत नव्हती. आमची गाडी कायम उशिरा पोचायची आणि साहेबांचं बोलणं मी खायचो.

रिटायर झाले त्या आठवड्यातच वहिनींना घेऊन आमच्याच गाडीत बसले, मेढ्यापर्यंत. मी अजून नोकरीत होतो. वहिनींना खिडकी दिली आणि स्वतः कडेला बसून ब्रेक मारल्यासारखा पाय रेटत राहिले. साताऱ्याच्या पुढं गेल्यावर वहिनींनी विचारलं, "आवं, ह्यो डोंगर रोज हितंच हुता?"

"असंल. मी कवा बघितला?" अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अठ्ठावीस वरसं नुसता रस्ता बघितला, गड्या. कडंला काय हाय, ठावंच न्हाई. आता कडंचं बघायचं."

आणि त्यांनी बघितलं! हंपी बघितली, जयपूर बघितलं, बँकॉक आणि सिंगापूर बघितलं. पोरगा शिरवळला कारखान्यात चांगल्या जागेवर, तो तिकिटं काढून द्यायचा. पण ह्या दोघांची बघायची तऱ्हाच वेगळी. दिवसात सात पॉइंट वगैरे भानगड नाही. एक जागा धरायची, घोंगडं अंथरायचं, वहिनींचा स्टीलचा डबा मधे ठेवायचा आणि बसायचं. किती वेळ, ते वहिनींच्या हातात. त्यांचं मन भरलं की त्या हातातली बांगडी डब्यावर दोनदा वाजवायच्या, टिंग टिंग. मग अण्णा उठायचे. "जल्मभर मास्तरच्या डबलवर पळालो, आता हिच्या डबलवर उठायचं," हे ते मला दहादा तरी ऐकवून गेले असतील. मी म्हणायचो, "बरं झालं, माझी सुटका झाली."

सिंगापूरला एका बागेत हे असेच कारंज्यासमोर घोंगडं टाकून बसले. सगळा ग्रुप बसमध्ये जाऊन बसला, गाइड पोरगी झेंडी नाचवत आली. "काका, चला, सगळे खोळंबलेत." अण्णा म्हणाले, "आमची डबल झाली न्हाई अजून." त्या पोरीला काय कळणार? ती वहिनींना हात जोडायला लागली. वहिनींनी शेवटी डबा वाजवला, पण अर्धवट मनानं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, त्या पोरीसाठी उठले. कारंजं बघायचं ऱ्हायलंच."

ते राहिलंच. पुढच्या उन्हाळ्यात वहिनींचे पाय सुजले आणि दोन्ही किडन्या गेल्याचं निघालं. सांगलीला डायलिसिस सुरू झालं, मंगळवारी आणि शुक्रवारी. डाव्या हाताच्या शिरेतून सुई जाणार, म्हणून नर्सनं त्या हातातल्या बांगड्या उतरवायला सांगितल्या. आजाराचं नाव कळल्यावर न रडलेली बाई तेव्हा रडली. "ह्ये जित्तं असताना माजा हात मोकळा," एवढंच परत परत म्हणत राहिली. अण्णांनी उतरवलेल्या बांगड्या डब्यात ठेवल्या आणि डबा पिशवीत टाकला. उजव्या हातात तेवढ्या राहिल्या.

मग फिरणं मंगळवार आणि शुक्रवारच्या मधे मावेल एवढंच उरलं. सुरुवातीला मेढ्यापर्यंत जाऊन यायचे. पुढं डायलिसिसचा तिसरा वार वाढला आणि सांगलीत कृष्णेच्या घाटावर बसणं तेवढं उरलं. मग तेही जमेना. शेवटी दवाखान्यातली खाट आणि खिडकी. खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची आणि तिच्या मागं पत्र्याचं पार्किंग. अण्णा घोंगडं खाटेच्या पायथ्याला ठेवायचे आणि दोघं टाकीकडं बघत बसायचे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, त्यात काय बघताय?" ते म्हणाले, "ती बघती म्हणून मी बघतोय."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता हृदयही थकलंय, डायलिसिसचं मशीन चालू ठेवलं तर हाल वाढतील, सुधारणा होणार नाही. थांबायचं का, ते घरच्यांनी ठरवा. पोरगा म्हणाला, अण्णा सांगतील तसं. अण्णा काहीच सांगत नव्हते.

त्या दुपारी मी जेवण घेऊन गेलो होतो. अण्णा खिडकीशी उभे, पाठ आमच्याकडं. वहिनी डोळे मिटून पडलेल्या. बोलायचं त्यांनी दोन दिवसांपासून सोडलं होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि तेवढ्यात त्यांचा उजवा हात हलला. बांगडी खाटेच्या लोखंडी कठड्याला लागली, टिंग. थांबून पुन्हा, टिंग. डोळे उघडून त्या अण्णांच्या पाठीकडं बघत होत्या.

अण्णांचे खांदे आखडले. वळले नाहीत. टाकीकडं बघतच त्यांनी विचारलं, "मास्तर, वाजलं का रं काय?"

अकरा वर्षं मी डबल दिलेली. तो आवाज मला कळला नाही, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? वहिनींची नजर आता माझ्याकडं आली होती. मला त्या नजरेची भीती वाटली आणि त्या पाठीची दया आली. मी म्हणालो, "न्हाई अण्णा. काय न्हाई वाजलं."

वहिनींनी डोळे मिटले. अण्णांनी बाहेर जाऊन मशीन चालू ठेवायला सांगितलं.

त्यानंतर त्या तीन महिने होत्या. त्या तीन महिन्यांचं मला लिहायचं नाही. अंगावर सुई टोचायला जागा उरली नव्हती, एवढं सांगतो. पण बांगडीचा हात त्यांनी पुन्हा कशावरच वाजवला नाही. अण्णा खाटेजवळ डबा नेऊन ठेवायचे, त्यांचा हात उचलून डब्यावर ठेवायचे, तरी नाही. एका शुक्रवारी सकाळी मशीनवरच गेल्या.

आता अण्णा रोज दुपारी आष्ट्याच्या स्टँडवर बाकावर घोंगडं टाकून बसतात. शेजारी तो डबा, आत त्या बांगड्या. पोरगा शिरवळला चला म्हणतो, ते जात नाहीत. कुठंच जात नाहीत. समोरून गाड्या डबल घेऊन निघून जातात, यांचा पायसुद्धा हलत नाही. मी आठवड्यातून एकदा जातो. जाऊ नये असं वाटतं, कारण प्रश्न ठरलेला आहे. माझ्याकडं न बघता ते विचारतात, "मास्तर, खरं सांग. त्या दिवशी वाजली हुती न्हवं?"

खरं सांगितलं तर हा माणूस त्याच जागी संपेल. आणि खोटं सांगून तो जगतोय असंही काही नाही. मी म्हणतो, "न्हाई अण्णा, न्हाई वाजली." त्यांना माहीत आहे, हे मला माहीत आहे. ऊन त्यांच्या पायावर आलेलं असतं. मी म्हणतो, "चला, घरी सोडतो."

"बस मास्तर," अण्णा म्हणतात, "वाजलीच न्हाई, तर उठायचं कसं?"

मग मी बसतो.