उभी होते

तीस वर्षांत काना-मात्राबाईंनी एकच चूक सोडली, आणि तीसुद्धा स्वतःच्याच पुस्तकात. बरं, सुटली तर सुटली, माणूस आहे, होतं असं. पण लोकांनी दाखवून दिल्यावर ती दुरुस्त करायला या बाईंनी साफ नकार दिला आणि तिथून सगळं बिनसलं. मला विचाराल तर बिनसलं ते बरंच झालं.

छापखान्यात त्यांचं टेबल खिडकीशी होतं. औषधांच्या बाटल्यांवरची माहिती असो, शाळांच्या प्रश्नपत्रिका असोत की दुकानांच्या जाहिराती, मशीनवर जाण्याआधी सगळं त्यांच्या लाल पेनाखालून जायचं. एकदा एका कापडदुकानाच्या जाहिरातीत 'आलेल्या ग्राहकांचे मनापासून स्वागत' याऐवजी 'मेलेल्या ग्राहकांचे' असं टाइप झालं होतं. मशीन सुरू व्हायला पाच मिनिटं असताना बाईंनी ते पकडलं. काना-मात्राबाई हे नाव तेव्हापासूनचं. त्यांची वाचायची तऱ्हाही जगावेगळी. त्या मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या, एकेक शब्द सुटा करून. कुणी विचारलं की म्हणायच्या, "अर्थ कळायला लागला की अक्षर दिसेनासं होतं. आणि मला पगार अक्षराचा मिळतो."

आता अशी ही कोरडी, काटेकोर बाई घरी जाऊन प्रेमकथा लिहीत असेल असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? ते फक्त धाकट्या बहिणीला माहीत होतं. दोघी एकाच घरात राहायच्या. बहीण पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसायची आणि तोंडाने महाफटकळ. "ताई, लग्न केलं नाहीस, कुणाच्या प्रेमात पडली नाहीस, मग ही पानंच्या पानं भरतेस तरी कशाची गं?" असं दर आठवड्याला विचारायची. बाई वही पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, "तू जेव. मला लिहू दे."

मालिकेचं नाव 'माईक चालू आहे'. तीन भागांची. त्यात तिघं मित्र. चिमणी गाते, गिटारवाला वाजवतो, आणि तिसरी मैत्रीण या दोघांचे कपडे, डबे, वायरी सांभाळते, म्हणून तिला सगळे बोचकं म्हणतात. एका स्पर्धेत चिमणी जिंकते आणि बघता बघता एवढी मोठी होते की जुन्या मित्रांना तिला भेटायला परवानगी काढावी लागते. पहिला भाग वर्षभर दुकानांत धूळ खात पडला होता. मग एका सकाळी रेडिओवरच्या निवेदिकेने त्यातलं एक पान वाचून दाखवलं, वाचता वाचता तिचाच आवाज भरून आला, आणि झालं! महिन्याभरात बाई प्रसिद्ध. बँकेतल्या कारकुनाने सही जुळते का ते पाहिलं आणि वर आणखी एक सही मागून घेतली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर दाढ काढताना विचारलं, "चिमणी परत येते का हो?" तोंडात चिमटा असताना माणूस सांगणार काय, कपाळ!

दुसरा भाग आला तो या गडबडीत. त्याच्या शेवटी चिमणीला एक पत्र मिळतं. खाली सही नाही. पत्रात लिहिलेलं असतं, 'त्या संध्याकाळी मैदानात शेवटच्या रांगेच्या मागे मी उभी होते. तू हात हलवलास. मला नाही, सगळ्यांना. मला वाटलं, तेवढं पुरेल. नाही पुरलं.'

वाचा पुन्हा. उभी होते.

हे पत्र गिटारवाल्याचं असायला हवं होतं. तिसऱ्या भागात तो कबूल करणार, दोघं भेटणार, वाचक रुमाल काढणार, असा सगळा बेत. म्हणजे तिथे 'मी उभा होतो' हवं होतं. दोन शब्दांचा फरक, पण आपल्या भाषेत 'मी' म्हणून पुढे उभं राहिलं की लगेच बाई की पुरुष ते उघडं पडतं, लपायला जागाच नाही. वाचकांनी ते बरोबर उचललं. 'पत्र बोचक्याचं आहे!' अशी पत्रं येऊ लागली. एका परिचारिकेने लिहिलं, 'मी पहिल्या भागापासून घरात सांगत होते, कुणी ऐकेल तर ना.' कुण्या आजोबांनी लिहिलं, 'बोचक्याला न्याय द्या.'

प्रकाशकांनी बाईंना कचेरीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट. पुस्तक उघडून त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, हे काय झालं? आणि तुमच्याकडून?"

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. त्यांनी हे पान चार वेळा तपासलं होतं. "बघते," एवढंच म्हणाल्या.

"बघायचं काय त्यात? पुढच्या आवृत्तीत 'उभा होतो' करून टाकू. येत्या शनिवारी वाचकांचा मेळावा आहे, तिथे तुम्ही सांगून टाका, मुद्रणदोष. टाइप करणाऱ्याची चूक. विषय संपला."

"आणि नाही सांगितलं तर?"

प्रकाशकांनी खुर्ची मागे सरकवली. "बाई, आपला वाचक घरगुती आहे. एका बाईचं असं पत्र दुसऱ्या बाईला? वाचनालयं पुस्तक परत पाठवतील. मग तिसरा भाग मला काढता येणार नाही. तुम्हीच विचार करा."

टाइप करणारे म्हणजे छापखान्यातले काका. निवृत्तीला तीन महिने राहिलेले. बाई तडक त्यांच्याकडे गेल्या. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "टाका की माझ्यावर. मी मेलेल्या ग्राहकांचं स्वागत केलेला माणूस, आणखी एक चूक काय जड आहे?" हसले खरे, पण लगेच मान खाली घालून कामाला लागले. बाईंना ते हसणं आवडलं नाही.

घरी येऊन त्यांनी कपाटातली हस्तलिखिताची वही काढली. मनात होतं, तिथे 'उभा होतो' असेल, मग सरळ काकांची चूक. पान सापडलं. तिथे त्यांच्याच अक्षरात, कुठेही खाडाखोड न करता, स्वच्छ लिहिलं होतं, 'मी उभी होते.'

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते पत्र सुरुवातीकडून शेवटाकडे वाचलं, आणि वाचताना त्यांना रडू आलं, अगदी नाक गळेपर्यंत. कारण हे गिटारवाल्याने कधी लिहिलंच नव्हतं. बाविसाव्या वर्षी त्या एका मैत्रिणीसोबत भाड्याच्या खोलीत राहायच्या. मैत्रीण भांडी घासताना गायची, आणि या धुतलेली भांडी पुसता पुसता तिच्याकडे बघत बसायच्या. मग तिने एक स्पर्धा जिंकली, तिचे फोटो छापून आले, खोली सुटली. एका संध्याकाळी मैदानात तिचा कार्यक्रम होता. बाई शेवटच्या रांगेच्या मागे होत्या. तिने गर्दीला हात हलवला. एवढ्या मोठ्या झालेल्या माणसाकडे आपण काय तोंड घेऊन जायचं, असं म्हणून बाई घरी परतल्या, त्या परत कधी गेल्याच नाहीत. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं. हे त्यांनी स्वतःलाही कधी म्हणून दाखवलं नव्हतं.

बहीण दारात उभी होती. वही, रडणं, सगळं तिने पाहिलं आणि तिला जे वाटलं ते ती बोलली. "ताई, एका शब्दासाठी एवढं? सांगून टाक ना मुद्रणदोष. माझ्या पोस्टात आधीच चारजणी विचारून गेल्यात, तुमच्या ताईंना म्हणायचंय तरी काय. लोकांची तोंडं काय मी धरायची?"

"नको धरूस," बाई नाक पुसत म्हणाल्या. "बोलू दे त्यांना."

"आणि तिसरा भाग? दहा वर्षं घालवलीस तू यात!"

"मला माहीत आहे किती घालवली ते. तू मला मोजून दाखवू नकोस."

बहीण फणफणत आत गेली. पण शनिवारी आलीच, कडेच्या खुर्चीवर पर्स पोटाशी धरून बसली.

मेळावा एका वाचनालयाच्या सभागृहात होता. खुर्च्या संपल्या, लोक भिंतींना टेकून उभे राहिले. प्रकाशक पहिल्या रांगेत होते, आणि मागे, दाराजवळ, कुणी न बोलावता आलेले टायपिंगवाले काका. थोडं वाचन झालं, टाळ्या झाल्या, मग प्रश्न सुरू झाले. बसचालकाच्या गणवेशातली एक बाई उठली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"एकच विचारते. ते पत्र कोणी लिहिलं?"

प्रकाशकांनी हळूच मान हलवून खूण केली, सांगा. बाईंनी समोरचा माईक थोडा खाली ओढला.

"मी," त्या म्हणाल्या.

सगळे खो खो हसले. लेखिका आहे, तीच लिहिणार की! प्रकाशकही सुटल्यासारखे हसले. बाई थांबल्या. हसणं पुरतं विरेपर्यंत थांबल्या.

"हसून झालं? आता नीट ऐका. टाइप करणाऱ्याची चूक नाही. ते काका मागे उभे आहेत, त्यांनी जसं होतं तसं टाइप केलं. चूक माझी. मला तिथे पुरुष लिहायचा होता, कारण मला भीती वाटत होती. हात घाबरला नाही, मी घाबरले होते. तीस वर्षं मी लोकांच्या चुका लाल पेनाने खोडत आले. ही खोडणार नाही. ती चूक होती तेव्हा होती. आता नाही. बोचक्याचं चिमणीवर प्रेम आहे. माझं जसं एकीवर होतं. आणखी काही विचारायचं असेल तर विचारा, नाहीतर चहा गार होतोय."

मग बसचालक बाईंनी एकटीने टाळी वाजवायला सुरुवात केली, दणदणीत, कुणी साथ देतंय का याची फिकीर न करता. हळूहळू साथ आली, सगळ्यांची नाही. काही जण उठून गेलेही. काकांनी चष्मा काढला आणि ते तो बराच वेळ पुसत राहिले.

चहाच्या टेबलाशी प्रकाशक जवळ आले. "बाई, तिसरा भाग मी छापणार नाही."

"नका छापू," बाई म्हणाल्या. "लिहिणार तर मीच आहे ना? तुम्ही नाही छापलात म्हणून माझं पेन थोडंच वाळणार आहे." आणि त्यांनी बिस्किट उचललं.

परतताना दोघी बहिणी चालत निघाल्या. एरवी जिचं तोंड क्षणभर मिटत नसे ती धाकटी दोन चौक ओलांडेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. बाईंनी मनाची तयारी केली होती. येऊ दे काय यायचं ते, आता मागे फिरणं नाही. तिसऱ्या चौकात बहीण थबकली.

"ती भांडी घासताना गायची तीच ना? मी एकदा सुट्टीत राहायला आले होते तुमच्याकडे."

"तीच."

"तिला कधी सांगितलंस?"

"आज," बाई म्हणाल्या.

बहिणीने डोळे पुसले, पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि रस्ता ओलांडायला ताईचा हात गच्च धरला. "तिसरा भाग आधी मी वाचणार," ती म्हणाली. "आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचणार. सांगून ठेवते."