केळीचा चीक

चोपड्याकडच्या बागांत केळीचे घड कापणारा तो, बोलताना हात नेहमी पाठीमागे धरायचा. चिकाने बोटं काळी पडलेली. मागच्या निवडणुकीत केंद्रावरच्या साहेबाने ती पाहून, "शाई लागलीय, मत देऊन झालंय तुमचं," म्हणत सगळ्याच घड कापणाऱ्यांना हाकललं होतं. चीक कधी पाहिला असेल तर ना!

या खेपेला आठवडाभर त्याने विळ्याला हात लावला नाही. विटेच्या तुकड्याने बोट घासून घासून सोललं. रांगेत तो माझ्या मागेच होता. साहेबाने त्याचं बोट निरखलं, नाव विचारलं आणि म्हणाला, "तुझ्या नावाचं मत सकाळीच पडलंय."

बाहेर येऊन त्याने पहिल्यांदाच हात माझ्यापुढे धरला. "देखा भाऊ, बोट कोरं शे. मत पडी गयं."

मी माझे हात पाठीमागे नेले. शाई अजून ओली होती.